जादूची बोअर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून गोष्ट रचत खेळायच्या गेममधे विझर्ड (जादूगार) आठ तास झोपला की त्याचे सगळे स्पेल स्लॉट (मंतर टाकायचा ठरलेला साठा) परत भरतात, हे मला कधी पटलंच नाही, आम्ही लातूरचे लोक, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय, रात्रीत भरणारी विहीर कुणाला सांगायलाव?

म्हणून आमच्या गेममधे जादू म्हणजे भूजल करून टाकलं. खाली काळा बेसाल्ट, पाणी फक्त झिजलेल्या थरात नि भेगांत, मॅपवर पण तसंच. प्रत्येक गावाला एक आकडा, समजा १२. स्पेल (मंतर) टाकला की त्याच्या लेव्हलएवढा (मंतर जोरदार तितकी लेव्हल जास्त) कमी, पावसाळ्यात एक डाइस टाकून भरती, माळावर गवत-झाडं राखली असतील तर दोन. आणि भेग एकच असली की शेजारच्या गावचा आकडा पण उतरतो, खरी मजा इथं हाय.

परवा आमच्या गड्यानं दरोडेखोरांवर फायरबॉल टाकला (लेव्हल ३), तर पलीकडच्या वस्तीत सुईणीचा मंतरच चालंना. टेबलावर सगळे गप. मग गडी म्हणतो, "अजून खोल बोअर मारू की!" अस्सल लातूरकर. मारा म्हणलं, पण गेम मी चालवतो, खाली काय निघंल ते मी ठरवणार.