तुम्ही विचारलंत म्हणून: रंग एवढे खुलतात कसे?

नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या मारबतींचे, म्हणजे त्या मोठ्या पुतळ्यांचे, माझे फोटो पाहिले की हमखास विचारलं जातं, ‘रंग एवढे खुलतात कसे? कोणतं ॲप वापरता?’ ॲपचं नाव सांगून तुमचं काम व्हायचं नाही. रंग बहुतेकदा फोटो काढतानाच हातचे जातात.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीत काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, तो क्षण घ्या. फ्रेममध्ये काळी मारबत आणि खाली गर्दीची डोकी. एवढा काळोख दिसला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि पिवळी मारबत फिकट होऊन जाते. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप खाली घ्यायचं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मोबाइलवर पिवळ्यावर बोट टेकवून सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. सावल्या नंतर थोड्या उजळता येतात, पण उडालेला पिवळा परत येत नाही.

संत्र्याचंही तेच. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे नोंदवतो, त्यातल्या प्रत्येकाला चॅनल म्हणतात. नारिंगी रंगात लाल चॅनल सगळ्यात आधी भरतो, म्हणजे त्याची कमाल मर्यादा गाठतो. तो भरला की नारिंगी पिवळटाकडे झुकतो आणि सालीवरची बारीक छिद्रं दिसेनाशी होतात. त्यामुळे हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख, पाहायचा तर तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा; एकत्रित आलेख हे लपवतो. उन्हाळ्यात फुललेल्या पळसालाही हाच नियम.

उजेड कुठून गाळून येतोय, हेही बघा. निळ्या ताडपत्रीखाली ठेवलेली संत्री मळकट दिसतात, कारण तिथे नारिंगी उजेड पोचतच नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेलं रंगांचं सेटिंग, बदलून थोडा फरक पडतो, पण टोपली दोन हात बाहेर सरकवून घेतली की प्रश्नच मिटतो. कळमन्याच्या बाजारात नीट विचारलं तर लोक आनंदाने सरकवतात, हा माझा अनुभव.

हिरव्यासाठी मात्र पोलरायझर फिल्टर हवाच. पानांवर आकाशाची पांढुरकी चमक असते, ती हा फिल्टर कापतो आणि खालचा हिरवा दिसू लागतो. त्यात एक ते दोन स्टॉप उजेड जातो, तेवढी किंमत मला मंजूर आहे. पाऊस नुकताच थांबलेला असेल तर अंबाझरी तलावाच्या काठावर तो लावून बघाच.

मे महिन्यातल्या दुपारी मी रंगांसाठी कॅमेरा बाहेर काढत नाही. धूळ आणि डोक्यावरचं ऊन सगळं धुऊन टाकतं.

एडिटिंगमध्ये रंग गडद करायला सॅच्युरेशन आणि व्हायब्रन्स अशा दोन पट्ट्या असतात; सॅच्युरेशनऐवजी आधी व्हायब्रन्सला हात लावा. सॅच्युरेशन सगळ्या रंगांना सारखंच ताणतं. व्हायब्रन्स फिक्या रंगांना जास्त उचलतं आणि माणसांच्या चेहऱ्यांना जपतं. मारबतीच्या गर्दीत चेहरेच चेहरे असतात, ते शेंदरी झालेले मला बघवत नाहीत.