प्रतिनिधी, पण कुणाचे?

साताऱ्यात लग्नपत्रिका नुसती वाचायची नसते, तिचा अभ्यास करावा लागतो. वधूवरांची नावं सापडेपर्यंत वाटेत सरदार, इनामदार, देशमुख, माजी सभापती, विद्यमान सभापती अशी सगळी मंडळी भेटतात. पाहुणा लग्नाला येवो न येवो, त्याच्या नावाआधीचं 'श्रीमंत' गाळलं की दोन पिढ्यांचं बोलणं बंद. मला या पदव्यांचं भारी कौतुक आहे. त्यातली सगळ्यात लाडकी म्हणजे पंत प्रतिनिधी. आडनाव म्हणून ती आजही आहे, पद म्हणून मात्र संपली. आणि संपण्याआधीची शंभर वर्षं त्या पदाची अवस्था मोठी चमत्कारिक होती.

हे पद जन्माला आलं तेच अडचणीतून. शिवरायांच्या अष्टप्रधानांत प्रतिनिधी नव्हता. १६८९ साली संभाजी महाराज मारले गेले, रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज निसटून पार जिंजीला पोचले. राजा तिकडे, मुलूख इकडे, मध्ये औरंगजेबाची फौज. अशा वेळी राजाच्या नावानं कारभार हाकणारा कुणी तरी हवा, म्हणून प्रल्हाद निराजींसाठी हे पद काढलं आणि तेही अष्टप्रधानांच्या वरचं. वेळ निभावण्यापुरती सोय. पण रस्त्याच्या कडेला पावसापुरता ठोकलेला पत्रा आपल्याकडे नातवाच्या लग्नापर्यंत टिकतो, तसंच या पदाचं झालं. राजा परत आला, पद गेलं नाही. उलट वंशपरंपरागत झालं.

ते ज्या घरात स्थिरावलं ते आपल्या कोरेगावजवळच्या किन्हईचं. परशुरामपंत त्रिंबक हा माणूस मला फार आवडतो, कारण त्याला शांत बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. १७०८ साली शाहू महाराज साताऱ्याच्या किल्ल्याखाली येऊन उभे राहिले, तेव्हा पंत ताराबाईंच्या बाजूनं आत होते. किल्ला सोडायला तयार नाहीत. शेवटी हवालदार शेख मिरा यानं पंतांनाच कैद केलं आणि दरवाजा उघडून दिला. (त्याची बायकापोरं शाहूंच्या हाती लागली होती. बिचारा करणार काय!) मग शाहूंनी पंतांना कैदेत ठेवलं, पुढे सोडलं, पद परत दिलं. तेवढ्यात पंतांचा मुलगा कृष्णाजी कोल्हापूरच्या, म्हणजे ताराबाईंच्या, बाजूला गेला आणि तिकडचा प्रतिनिधी होऊन विशाळगडावर बसला. झालं, पंत पुन्हा आत! १७१३ च्या सुमारास पद पुन्हा मिळालं ते मात्र टिकलं. बाप साताऱ्याच्या गादीचा प्रतिनिधी, मुलगा कोल्हापूरच्या. भाऊबंदकी राजांची आणि दोन्हीकडे हेच घर.

पण त्याच १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि प्रतिनिधींचा पाय हळूहळू मागे पडू लागला. परशुरामपंतांचे चिरंजीव श्रीपतराव दरबारात बाजीरावाला अडवत राहिले: उत्तरेकडे कशाला धावता, आधी घरचं बघा. आज निकाल आपल्याला माहीत आहे म्हणून श्रीपतराव आपल्याला कुरकुऱ्या म्हातारा वाटतात. त्या काळी मात्र ते काही वेड्यासारखं बोलत नव्हते. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ त्यांनीच बांधलं. कृष्णा-वेण्णेच्या घाटावर गेलात तर वर जरूर बघा.

पुढची गंमत म्हणजे प्रतिनिधीलाही स्वतःचा कारभारी लागायचा. तो मुतालिक. राजाचं काम प्रतिनिधीनं बघायचं, प्रतिनिधीचं मुतालिकानं. शाहू गेल्यावर पेशव्यांशी सांगोल्याला अडून बसले ते प्रतिनिधींचे मुतालिक यमाजी शिवदेव. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले परशुराम श्रीनिवास तर पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी लढताना हातच गमावून बसले आणि 'थोटे पंत' झाले. त्यांच्यासाठी वासोटा किल्ला लढवला तो ताई तेलिणीनं. थोट्या पंतांना आज फारसं कुणी ओळखत नाही, पण 'तेलीण मारी सोटा' हे आमच्याकडे पोरांनाही पाठ असतं.

१८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याची गादीच खालसा केली. छत्रपतींचं राज्य गेलं, पण त्यांचे प्रतिनिधी राहिले! औंधला, खटाव तालुक्यात, छोटंसं संस्थान सांभाळत. ज्याच्या वतीनं बोलायचं तोच नाही आणि पद मात्र शाबूत. एखाद्यानं अशा वेळी शिकार, घोडे आणि इंग्रज साहेबांच्या मेजवान्या यांत आयुष्य काढलं असतं, तर त्याला कोण नावं ठेवणार होतं?

१९०९ ला गादीवर आलेले बाळासाहेब, म्हणजे भवानराव पंत, वेगळेच निघाले. चित्रं काढायची, कीर्तनं करायची आणि प्रजेला सूर्यनमस्कार घालायला लावायचे. कुंडलजवळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना माळरान दिलं, तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला भिंती नसलेला तुरुंग काढला. आणि १९३९ मध्ये गांधीजी आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या सल्ल्यानं राज्यघटना करून कारभार गावपंचायतींच्या हाती दिला. त्या कामात पुढे असलेले त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब नंतर स्वतंत्र भारताचे राजदूत म्हणून देशोदेशी राहिले. घराण्याला वतीनं बोलण्यासाठी पुन्हा कुणी तरी मिळालं म्हणायचं.

औंधच्या संग्रहालयात गेलो की मी माणसं जास्त बघतो. रविवर्म्याच्या चित्रांपाशी सगळे हळू बोलतात. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या छोट्याशा दगडी माय-लेकराच्या शिल्पापाशी मात्र एका काकूंनी पदर सावरत नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, ह्याला नाक काढायचं राहिलंय का?" नवऱ्यानं चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाले, "परदेशी असंल."

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई राज्यात विलीन झालं. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीनं संस्थानिकांची सरकारी मान्यता आणि तनखाही गेला. आमचे एक चुलत आजोबा तेव्हाच्या औंध संस्थानातल्या शाळेत होते. राजेसाहेबांचं राज्य गेलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं, असं मी त्यांना मोठ्या उत्सुकतेनं विचारलं.

"वाटायचं काय? शाळंला सुट्टी मिळंल वाटलं हुतं. न्हाई दिली. वर नमस्कार घालायला लावलंच."