ईएमटीच्या वर्गाची फी भरण्याआधी स्वतःचं गुन्हेगारी रेकॉर्ड मागवा

अमेरिकेत ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा आपत्कालीन उपचार कर्मचारी) किंवा पॅरामेडिक (त्याहून वरच्या प्रशिक्षणाचा) म्हणून काम करण्याची परवानगी देतं ते राज्य. नॅशनल रजिस्ट्री या देशपातळीवरच्या नोंदणी संस्थेची परीक्षा ही बहुतेक राज्यांत त्याआधीची पायरी, आणि जुन्या शिक्षा पाहून रजिस्ट्रीही नोंदणी नाकारू शकते. तरी खरी गोम राज्याच्या नियमांत असते. तीच केस एका राज्यात कायमचं दार बंद करते, दुसऱ्यात नुसती चौकशी होते.

कॅलिफोर्नियाचे नियम आकड्यांचे आहेत. दोन फेलनी (गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षा) असतील तर ईएमटीचं प्रमाणपत्र नाही, मग त्या कितीही जुन्या असोत. एकच असेल तर तुरुंगातून सुटल्यापासून १० वर्षं थांबायचं. सदोष मनुष्यवधाला १५. फेलनीचं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं) किंवा पॅरोल चालू असताना अर्ज केला तर तो फेटाळलाच जाणार. मिसडिमीनरलाही (किरकोळ गुन्ह्यांनाही) मुदती आहेत: चोरीचं एक प्रकरण ५ वर्षं आड येतं, मारहाण-धमकीची दोन असली तर ५, अमली पदार्थांची दोन असली तरी ५. दुसऱ्या राज्यातली तशीच शिक्षाही मोजतात. गव्हर्नरची माफी मिळालेली शिक्षा मात्र धरत नाहीत. तुरुंगाच्या अग्निशमन छावणीत काम केलेल्या कैद्यांना, काही गंभीर गुन्हे वगळून, एबी २१४७ या कायद्याखाली २०२१ पासून शिक्षा पुसून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. वणव्याशी झुंजायला माणूस चालत होता, पण सुटल्यावर अग्निशमन दलाला लागणारं ईएमटीचं प्रमाणपत्र त्याला मिळत नव्हतं. हे कायदेमंडळाच्या ध्यानात यायला २०२० साल उजाडलं.

टेक्सासची रीत निराळी. १ सप्टेंबर २००९ पासून केलेले काही ठरावीक गंभीर गुन्हे, आणि लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव जाणारे गुन्हे, यांना सूट नाही. बाकीच्यांत गुन्ह्याचा कामाशी संबंध, तेव्हाचं वय, मध्ये गेलेला काळ, नंतरची नोकरी-वागणूक, शिफारसपत्रं हे सगळं तोललं जातं. मला टेक्सासची सगळ्यात उपयोगी वाटलेली सोय म्हणजे पूर्व-मूल्यांकनाचं पत्र: वर्गात नाव घालण्याआधीच आरोग्य खात्याकडे अर्ज करून तुमच्या रेकॉर्डवर त्यांचं मत मागता येतं, आणि ते ९० दिवसांत द्यावं लागतं. हे पत्र हातात येईपर्यंत फी भरू नये.

अर्ज अडकतात ते बहुधा फॉर्ममधल्या एका प्रश्नावर. कोर्टाने केस 'डिसमिस' केली म्हणून लोक 'नाही'वर खूण करतात. पण प्रश्न फक्त शिक्षेचा आहे, की अटकेचा, की डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनचाही, हे शब्दाशब्दाने वाचावं लागतं. डिफर्डमध्ये गुन्हा कबूल करून प्रोबेशन पुरं केलं की केस बंद होते, शिक्षेची नोंद होत नाही. टेक्सासच्या ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) कायद्यात मात्र ते शिक्षेच्या जोडीनेच लिहिलेलं आहे. आणि बोटांचे ठसे एफबीआयकडे गेले की ते सगळं समोर येतंच. जुनी किरकोळ केस कदाचित माफ झाली असती. ती लपवली की खोटी माहिती दिल्याचा नवा ठपका बसतो, आणि तो आजचा असतो.

म्हणून आधी स्वतःच एफबीआयकडून रेकॉर्ड मागवा. १८ डॉलर लागतात, ठसे द्यावे लागतात. त्यात हमखास दिसणारी चूक म्हणजे अटक नोंदलेली, पण निकालाची जागा रिकामी. ती भरून घ्यायला कोर्टाच्या क्लार्ककडून निकालाची सही-शिक्क्याची प्रत काढा आणि राज्याच्या रेकॉर्ड विभागाकडे दुरुस्ती मागा. अर्जासोबत आरोपपत्र, निकाल, प्रोबेशन पुरं झाल्याचा कागद, आणि काय घडलं ते सांगणारं एक पानाचं निवेदन जोडा. निवेदनात पोलिसांना दोष देत बसू नका. वाचणारा अधिकारी शेजारी पोलिसांचा अहवाल ठेवूनच वाचतो. ठसे पुसट निघाले म्हणून परत येतात, विशेषतः हाताने कष्टाचं काम करणाऱ्यांचे. दोनदा परत आले तर नावावरून तपासणीची विनंती करता येते.

प्रमाणपत्र मिळालं तरी नोकरीची चाळण वेगळी. अंमली औषधांच्या फेलनीत शिक्षा झालेल्या माणसाला फेंटानिल, मॉर्फिन यांसारखी औषधं हाताळण्याच्या कामावर ठेवायचं तर मालकाला डीईए या अमली पदार्थांच्या केंद्रीय खात्याकडून खास सूट घ्यावी लागते. पॅरामेडिकला हे फार नडतं. साध्या ईएमटीच्या हाती ही औषधं नसल्याने त्याचं त्यावाचून अडत नाही. रुग्णाचा छळ किंवा मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची फसवणूक यात शिक्षा झाली असेल तर किमान ५ वर्षांसाठी नाव केंद्राच्या बहिष्कृत यादीत जातं, आणि त्या माणसाच्या कामाचं बिल मेडिकेअरला लावता येत नाही. अशाला कुठलीही रुग्णवाहिका कंपनी घेत नाही. ही यादी ऑनलाइन खुली आहे. नाव टाकून पाहायला काही खर्च नाही.