घोरता घोरता श्वास थांबतो तेव्हा

उन्हाळ्यात अंगणात बाजा पडल्या की कोण किती घोरतं ते शेजाऱ्यालाही कळतं. नुसतं घोरणं बहुधा निरुपद्रवी असतं. लक्ष द्यायचं ते मधल्या शांततेकडे. घोरणं एकाएकी थांबतं, छाती-पोट हलत राहतं पण हवा आत जात नाही, १० सेकंद किंवा जास्त, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट बंद होते. हाच स्लीप ॲप्निया. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना तो फार कामी येतो.

सकाळी डोकं जड, रात्री लघवीला वारंवार उठणं, गोळ्या घेऊनही न उतरणारा बीपी, ४० सेंमीपेक्षा जाड मान, ही बाकीची लक्षणं. दिवसाच्या डुलक्यांचा दोष मात्र आपल्याकडे जागलीवर जातो आणि आजार तसाच राहतो. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने तर तपासणी अजिबात टाळू नये.

नागपूर, सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयांत छातीच्या किंवा कान-नाक-घसा विभागात स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेतला श्वास मोजणाऱ्या तपासणीबद्दल विचारा. श्वासाला तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, ३० किंवा जास्त म्हणजे तीव्र.

तीव्र आजाराला सीपॅप मशीनच खरा उपाय; ते झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवतं. मास्कमधून हवा गळते ती बहुतेकदा चुकीच्या मापामुळे किंवा दाढी-मिशीमुळे. पट्टे आवळून नाकावर जखम होते, म्हणून माप बदला. हवा ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड पाणीच घाला, बोरच्या पाण्याने क्षार साचतात. लाइन गेली की ह्युमिडिफायरचं हीटर बंद करा, इन्व्हर्टर बराच जास्त टिकतो. सौम्य आजारात वजन उतरवणं, कुशीवर झोपणं आणि रात्रीची दारू सोडणं यांनीही चांगला फरक पडतो.