सब्जा रंगाचा माग

28 जून 2015 ची ती शर्यत मी दोन वर्षं उशिरा पाहिली. नाशिकहून मुंबईला जाताना, गाडीत, मोबाइलवर. जपानमधलं हानशिन रेसकोर्स, ताकाराझुका किनेन. गोल्ड शिप नावाचा पांढुरका घोडा आधीची दोन्ही वर्षं हीच शर्यत जिंकलेला, त्यामुळे सगळ्यांचे पैसे त्याच्यावर. गेट उघडायला आणि पठ्ठ्या मागच्या दोन पायांवर उभा राहायला एकच गाठ पडली. बाकीचे पंधरा घोडे निघून गेले, मग हा सावकाश निघाला. सोळांत पंधरावा आला. त्याच्यावर लावलेले सुमारे 120 ओकू येन बुडाले. एक ओकू म्हणजे आपले दहा कोटी, म्हणजे 1,200 कोटी येन! मी शेजारच्या माणसालाही दाखवलं. तो म्हणाला, "घोडा छान आहे हो, रंग बघा."

रंग मी बघितलाच होता. आजोबांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून एकदा अशीच घोडी आणली होती. या रंगाला ते सब्जा म्हणत. शिंगरू जन्मतं तेव्हा काळपट असतं आणि दरवर्षी थोडं थोडं पांढरं होत जातं. पुढे कुठेतरी वाचलं, की आईबापांपैकी एक तरी सब्जा असल्याशिवाय सब्जा शिंगरू होतच नाही. हा रंग एकही पिढी गाळत नाही. मग वाटलं, वंशावळीत नुसता रंग धरून मागे मागे गेलं, तर कुठवर पोचू?

वाटलं होतं एका रविवारचं काम आहे. चार महिने लागले.

इंग्रजीत मिळणारी माहिती ताज्या घोड्यांपुरती बरी. जुन्या घोड्यांसाठी जपानी नोंदींनाच हात घालावा लागतो. घोड्यांची नावं काताकाना या जपानी लिपीत, जास्तीत जास्त नऊ अक्षरांची. काताकाना मी पंधरा दिवसांत शिकलो. आपल्याला ती सोपी जाते, कारण अ-इ-उ-ए-ओ, मग क-कि-कु... बाराखडीच आहे. रंगांची नावं मात्र चित्रलिपीत. सब्जाला अशिगे, म्हणजे लव्हाळ्याच्या रंगाचा. आपल्या कुमाइताला, म्हणजे तांबूस-तपकिरी घोड्याला, कागे, हरणाच्या रंगाचा. ही दोन अक्षरं वहीच्या पुठ्ठ्यावर मोठी काढून ठेवली होती, कारण तेवढीच सारखी लागायची.

गोल्ड शिपचा बाप स्टे गोल्ड. पन्नास शर्यती धावला, मोठ्या शर्यतींत चार वेळा दुसरा आला आणि अखेरच्या, पन्नासाव्या शर्यतीत हाँगकाँगला पहिली जी-वन, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची शर्यत, जिंकला. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं. पण तो कुमाइत गटातला, आपल्या कामाचा नाही. म्हणजे रंग आजोळचा. आई पॉइंट फ्लॅग, सब्जा. तिचा बाप मेजिरो मॅक्वीन, सब्जा.

मॅक्वीनपाशी पहिली ठेच लागली. 1990 ची किक्का शो ही मोठी शर्यत जिंकताना त्याचं वय नोंदीत चार. मी हिशेब करून जन्मसाल 1986 लिहिलं. दुसरीकडे 1987. दोन दिवस मला वाटत होतं की एकाच नावाचे दोन घोडे असावेत. भानगड अशी, की 2000 सालापर्यंत जपानी लोक घोडा जन्मला की त्याला एक वर्षाचा धरत. 2001 पासून बाकीच्या जगासारखं मोजायला लागले. म्हणून 1994 चा स्टे गोल्ड 2000 सालीही सात वर्षांचा आणि 2001 सालीही सातच! वहीतली सगळी जुनी वयं खोडून एकेकाने कमी केली.

मॅक्वीनचा बाप मी 'टायटन' म्हणून शोधत होतो. ते निघालं तितान. आणि तितानचा बाप मेजिरो असामा. इथे मात्र मी रंग विसरून गोष्टीतच अडकलो. असामाने 1970 साली तेन्नो शो ही जपानची मानाची शर्यत जिंकली, पण पुढे पैदाशीला उभा केला तर पहिल्या वर्षी एकही घोडी गाभण राहिली नाही. लोकांनी त्याचा नाद सोडला, मालक कितानो तोयोकिची यांनी सोडला नाही. आपल्याच चांगल्या घोड्या त्याच्याकडे पाठवत राहिले. सगळी मिळून नोंदलेली शिंगरं फक्त 19. त्यातला एक तितान, त्याने 1982 ची तेन्नो शो जिंकली. तितानचा मुलगा मॅक्वीन, त्याने 1991 आणि 1992 ची. आजा, बाप, नातू. कितानो 1984 मध्येच गेले, नातवाचं त्यांना दिसलं नाही. आपल्याकडे ही माणसाची गोष्ट झाली असती तर तिचं नाटक आलं असतं.

असामाचा बाप पार्थोलोन, आयर्लंडहून आणलेला. कागे. धागा तुटला म्हणून वही मिटणार होतो, तेवढ्यात लक्षात आलं की आपण पुन्हा बापाच्याच मागे निघालोय. आईचं नाव गोल्ड शिपच्या पाच पिढ्यांच्या तक्त्यात अगदी शेवटच्या रकान्यात होतं. त्यातलं एक अक्षर मी शिकलेल्या तक्त्यात नव्हतंच. मी त्याला 'की' समजलो आणि 'सुकीतो' नावाची घोडी आठवडाभर शोधली. ते जुनं 'वि' होतं, आता वापरात नाही. स्वीट! अमेरिकेत जन्मलेली, सब्जा.

पुढचं सगळं इंग्रजीत, त्यामुळे एका संध्याकाळीत उरकलं. स्वीटचा बाप फर्स्ट फिडल, त्याचा रॉयल मिन्स्ट्रेल, त्याचा टेट्राटेमा, त्याचा द टेट्रार्क. 1911 चा आयरिश घोडा, अंगभर पांढरे ठिपके, सात शर्यती धावला आणि सातही जिंकला. त्याचा फोटो पाहिला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बायकोला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "रंग उडालाय त्याचा," आणि कूस बदलली.

आता रविवारी 12 वाजून 10 मिनिटांनी मी पानावरून उठतो. जपानात तेव्हा 3 वाजून 40 मिनिटं होतात, मोठी शर्यत बहुधा तेव्हाच सुटते. 2025 च्या ताकाराझुका किनेनला गोल्ड शिपचा मुलगा मेइशो ताबारू होता. वर युताका ताके, मॅक्वीनला 1991 ची तेन्नो शो जिंकून देणारा तोच जॉकी, तेव्हा 56 वर्षांचा. ताबारू कागे आहे. म्हणजे त्याच्यात तो रंग उतरलाच नाही, माझा धागा तिथे संपला. तरी मी गेटकडेच बघत होतो. गेट उघडलं. चारही पाय जमिनीवर. तो पुढे निघाला आणि शेवटपर्यंत कोणाला पुढे जाऊ दिलं नाही. रस्सा पार गार झाला होता.