ठाणे खाडीचं पक्षीनोंदीचं पान: आता रिफ्रेशविना

खाडीवरच्या मोजणीचं पान या आठवड्यापासून स्वतःहून ताजं राहतंय. ऐरोलीच्या काठावरून कुणी आकडा टाकला, की ठाण्यात घरी बसलेल्याला तो लगेच दिसतो. पान पुन्हा लोड करावं लागत नाही.

आमची मोजणी भरती-ओहोटीवर चालते. ओहोटीला चिखल उघडा पडतो, रोहित (फ्लेमिंगो) खायला पांगतात. त्या वेळात आकडे भराभर येतात आणि मग कित्येक तास काहीच नाही. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं, त्यामुळे वेळही रोज पुढे सरकते. अशा कामात ब्राउझरने दर दहा सेकंदांनी सर्व्हरला ‘काही नवीन?’ विचारत बसणं मला पटत नव्हतं. म्हणून सर्व्हर-सेंट इव्हेंट्स घेतले. जोडणी एकदा उघडायची, सांगण्यासारखं असेल तेव्हा सर्व्हर त्यावरून मजकूर सोडतो. दोन्ही बाजूंनी बोलता येणाऱ्या वेबसॉकेट जोडणीची इथे गरज नाही. आकडा पाठवायला साधा फॉर्म पुरतो.

खरा फायदा कांदळवनाच्या कडेला कळतो, कारण तिथे रेंज येते-जाते. तुटलेली जोडणी इव्हेंटसोर्स (ब्राउझरमधला हे इव्हेंट ऐकणारा भाग) आपणहून पुन्हा जोडतो आणि शेवटी मिळालेल्या इव्हेंटचा क्रमांक लास्ट-इव्हेंट-आयडी हेडरमध्ये पाठवतो. डेटाबेसमधला नोंदीचा क्रमांकच मी आयडी म्हणून देतो, म्हणजे मधल्या नोंदी काढून देणं एका क्वेरीचं काम. ती क्वेरी मात्र आपणच लिहायची, ब्राउझर तेवढं करत नाही. शिवाय कोलनने सुरू होणारी एक ओळ दर 15 सेकंदांनी पाठवा. ब्राउझर ती सोडून देतो, पण मधला प्रॉक्सी (ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधला मध्यस्थ) जोडणी निकामी समजून तोडत नाही. सर्व्हरच्या पुढे एनजिंक्स हा प्रॉक्सी असेल तर त्या मार्गापुरतं बफरिंग (मजकूर साठवून मग पाठवणं) बंद करा, नाहीतर इव्हेंट तिथेच साचतात.

दुसरा निर्णय मला जास्त मोलाचा वाटतो: सर्व्हर जेसन (नुसती माहिती) नाही, पानात थेट बसणारं तयार एचटीएमएल पाठवतो. 1999 साली इंटरनेट एक्स्प्लोरर 5 मध्ये पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून माहिती आणणारं एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट आलं, 2005 मध्ये या पद्धतीला एजॅक्स हे नाव मिळालं, आणि पुढे पान रचण्याचं बरंचसं काम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर गेलं. एचटीएमएक्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी ते काम सर्व्हरकडे परत आणते. आकाराने लहान, बिल्ड स्टेप (वापरण्याआधी कोड बांधून घेण्याची पायरी) नाही. एकाच माणसाने सांभाळायच्या पानाला याहून बरं काही मला दिसलेलं नाही.

आता पानातला जुना मजकूर काढून नवा बसवण्याबद्दल. अख्खा तक्ता काढून नवा ठेवला, तर त्यातल्या रकान्यात टिपण लिहिणाऱ्याचं अर्धं वाक्य जातं, कर्सरही हरवतो. इडिओमॉर्फ हे एचटीएमएक्ससोबत चालणारं साधन जुनी आणि नवी रचना ताडून पाहतं आणि बदललं तेवढंच बदलतं. प्रत्येक ओळीला कायमचा आयडी द्या, जुळणी नीट होते. त्यातला ‘इग्नोरअ‍ॅक्टिव्हव्हॅल्यू’ हा पर्याय चालू ठेवला की टाईप करत असलेल्या रकान्याला ते हात लावत नाही. दुर्बीण गळ्यात, एका हाताने फोनवर लिहिणाऱ्याचं अक्षर पुसलं जाता कामा नये, याबाबतीत मी हट्टी आहे.

पुढचं काम स्क्रीन रीडरचं, म्हणजे अंध वापरकर्त्यांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. बदल झाला की तो सवडीने वाचून दाखवायला सांगणारी एरिया-लाइव्ह (aria-live) ‘पोलाइट’ ही खूण फक्त एकूण आकड्यावर लावणार आहे. पूर्ण तक्त्यावर लावली तर मोजणीच्या तासात ऐकणाऱ्याला उसंतच मिळणार नाही. तुमच्यापैकी कुणी मराठी आवाजावर हे तपासलं असेल, तर अंक कसे वाचले जातात ते जरूर सांगा.