मोडीचा पेपर, मोबाइलवरून

२०२०च्या पावसाळ्यात विभागातून निरोप आला की एम. ए. इतिहासाचा मोडी लिपीचा पेपर संपूर्ण ऑनलाइन शिकवायचा. नुसती व्याख्यानं द्यायची असती तर मी एवढी काळजी केली नसती. मोडी शेजारी बसून शिकवावी लागते. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं, हात शक्यतो न उचलता. विद्यार्थी पेन कुठून सुरू करतो आणि कुठे वळवतो, हे बघितल्याशिवाय त्याला दुरुस्त करता येत नाही. एरवी आम्ही मुलांना पुण्याच्या पेशवे दफ्तरात नेऊन अस्सल कागद दाखवतो. ते दारही बंद होतं.

सुरुवातीला मी प्रत्येकाला फोन करून एवढंच विचारलं, की घरी काय काय आहे? लॅपटॉप मोजक्यांकडेच. बाकीच्यांकडे रोजचा दीड जीबीचा पॅक, त्यातही धाकट्या भावंडांची शाळा. श्रीवर्धनकडच्या एका मुलीकडे जूनमधल्या निसर्ग चक्रीवादळापासून विजेचा भरवसाच राहिला नव्हता. म्हणून थेट तास थोडेच ठेवले आणि बाकीचं लहान लहान ध्वनिमुद्रणांतून पाठवायचं ठरवलं. कॅमेऱ्याची सक्ती केली नाही. मुलांचे चेहरे दिसत नाहीत, असं बरेच सहकारी म्हणत. पण एका खोलीत पाच माणसं राहत असताना कुणालाही आपलं घर वर्गासमोर उघडं करायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

माझा कॅमेरा मात्र कागदावर होता. दोन उंच डब्यांवर आडवी पट्टी, पट्टीवर मोबाइल, खाली वही. मुलं घरी गिरवून वहीचे फोटो पाठवत. फोटोत अक्षर दिसतं, हाताची दिशा दिसत नाही. मोडीत तर सगळं दिशेवरच असतं. शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो. लेखणी कशी फिरली असेल हे ओळखता आलं, तरच अनोळखी वळण वाचता येतं. मग प्रत्येक अक्षराशेजारी बाण काढून एक, दोन, तीन असे आकडे घालायला सांगितलं. त्या बाणांनी काम झालं. कोण उलट्या बाजूने वळतंय हे वर्गात चाळीस मुलांमध्ये निसटून जातं, इथे एकेक वही माझ्यासमोर निवांत उघडी होती.

कागदपत्रं पाठवतानाही एक गोष्ट ध्यानात आली. व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की तो दाबला जातो आणि बारीक फाटे पुसट होतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की रेघन् रेघ शाबूत राहते. मोडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं.

सगळ्यात रंगला तो कालगणनेचा तास. कागदावर ‘सीत सबैन मया व अलफ’ असं वर्ष होतं. शेवटाकडून वाचत गेलो: अलफ हजार, मया शंभर, सबैन सत्तर, सीत सहा. म्हणजे शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली, अरबी संख्यानामांत लिहिली जाणारी कालगणना) ११७६. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७५. एकाने लगेच विचारलं, ‘सर, ५९९च का? पुस्तकात ६००ही दिलंय.’ हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. बाहेर पेरण्या नुकत्याच आटोपल्या होत्या, त्यामुळे मृगाचं महत्त्व कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

पुढच्या कागदात गावकऱ्यांनी बी आणि बैलांसाठी तगाई, म्हणजे सरकारकडून मिळणारं शेतीचं कर्ज, मागितली होती. तगाई म्हणजे काय ते मी सांगायला लागलो, तेवढ्यात एका मुलाच्या माइकमधून म्हातारा आवाज आला, ‘बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पण काढली होती की!’ त्याचे आजोबा. मी त्यांना म्हटलं, ‘आजोबा, जरा सविस्तर सांगा.’ अर्ज कुणाकडे केला, हप्ते कसे फिटले, कुणाचे थकले, हे ते सांगत राहिले आणि वर्ग ऐकत राहिला. अठराव्या शतकातल्या त्या अर्जाला मुलांनी नंतर जे प्रश्न विचारले, ते माझ्या टिपणांत कुठेच नव्हते. कर्ज कुणाच्या नावावर? फेडता आलं नाही तर बैल कुणाचे? आजोबा विद्यापीठाच्या वर्गात कधीच आले नसते. तो तास घरात भरला, म्हणून ते बोलले.

सत्राअखेरची परीक्षा बहुपर्यायी होती, आणि या विषयाला ती शोभत नाही. चार पर्यायांतून बरोबर अक्षर निवडणं म्हणजे कागद वाचणं नव्हे. माझ्या हातात अंतर्गत गुण होते. त्यासाठी प्रत्येकाला वेगळा कागद पाठवला आणि फोनवर मोठ्याने वाचून घेतला. कुठे अडलास, दोन वाचनं शक्य असताना हेच का निवडलंस, एवढंच विचारायचो. वेळ फार गेला. श्रीवर्धनकडच्या त्या मुलीने वीज असेल तेव्हा फोन चार्ज करून संध्याकाळी वाचन दिलं. एका जोडाक्षरापाशी ती बराच वेळ थांबली, दोन्ही शक्यता सांगितल्या आणि आधीच्या ओळीतल्या तशाच वळणावरून एक पक्की केली.

आता वर्ग पुन्हा विभागातच भरतो. बाणांची वही आणि तोंडी वाचन मी तसंच चालू ठेवलं आहे, आणि घरी कुणी जुनं माणूस असेल तर कागद आधी त्यांना वाचून दाखवायला सांगतो.